चरबीची गोळी

रक्त तपासायला जायच्या आधी दोन दिवस मामा भात सोडायचा. चहा कोरा आणि बिनसाखरेचा. रिपोर्ट बरा आला की अलिबागच्या स्टँडसमोर उभा राहून जिलबी खायचा. मी डोळे वटारले की म्हणायचा, "परीक्षेला जायचं तर तयारी नको? तूच सांग, बाय, तू ग्रॅज्युएट."

मामा थळच्या एका बोटीचा तांडेल होता. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्याच्या शब्दावर. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. मामा तर सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं सांगायचा. मी कॉलेजात जाऊ लागले तेव्हा बंदरावर मासळी विकणारी शेजारची काकू म्हणाली होती, "शिकून काय इंग्रजीत मावरं विकणार?" मामा म्हणाला, "व्हय. तू इंग्रजीत भाव कर." मला शिकवण्यासाठी घरातल्या सगळ्यांशी भांडला तो. आणि शिकून आल्यावर माझं एक अक्षर ऐकलं नाही.

डॉक्टरांनी एकदा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली. तिथे दोन दिवसांचा उपास कामाला आला नाही. शुगर चांगलीच वाढलेली निघाली. मामा चिडला. "मागचं उकरून काढायचं काम पोलिसांचं. डॉक्टरला आजचं दिसत न्हाय का?"

त्याच वेळी कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू झाली. मामाने डॉक्टरांसमोरच सदरा वर केला. "कुठं हाय चरबी? दाखवा." जाळी ओढून ओढून त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. घरी आल्यावर मी समजावलं, की रक्तातली चरबी अंगावर दिसत नाही, बारीक माणसालाही असते. शुगर असलेल्याच्या रक्तवाहिन्या तिनं लवकर खराब होतात, म्हणून ही गोळी हृदयासाठी. मामाने शांतपणे ऐकलं आणि मामीला हाक मारली, "हिला आधी जेवायला वाढ, डोकं तापलंय हिचं."

पण पुढे तो स्वतःहून त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवू लागला. "बघ, संपल्या." मामी खूश, मीही खूश. निदान एक तरी गोष्ट पटली म्हणायची.

गेल्या हंगामात बोट परत येत असताना त्याला दरदरून घाम फुटला. दम लागला. खलाशांनी विचारलं, छातीत दुखतंय का? "न्हाय रे, पित्त हाय." सोडा प्यायला, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत सुकाणू सोडलं नाही. दवाखान्यात पोहोचायच्या आत गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅकच. जुन्या शुगरवाल्याला कधीकधी दुखणं जाणवतच नाही.

बाराव्याला घर बायकांनी भरलं होतं. एकीने सुरुवात केली, "पुण्यवान माणूस. कण्हलासुद्धा न्हाय." दुसरी म्हणाली, "असं मरण मागून मिळत न्हाय." माझं टाळकं सरकलं. "कसलं पुण्य? शुगरनं नसा मेल्या होत्या त्याच्या! दुखलं असतं तर वेळेवर दवाखाना गाठला असता, आज इथे बसला असता!" मामीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

तेव्हा ओट्यावर बसलेला पांडू रडायला लागला. मामाच्या बोटीवर जेवण रांधणारा हा माणूस चांगला आडव्या अंगाचा आहे. "लय मायाळू माणूस," तो मामीला म्हणाला. "स्वतःच्या चरबीच्या गोळ्या दर महिन्याला मला द्यायचा, वैनी, रिकामी पाकिटं तेवढी परत मागून न्यायचा. म्हणायचा, 'पांड्या, जाडा तू हायस, डॉक्टरनं चुकीचा माणूस धरला. घे, तुझी पोरं लहान हायत.'"

सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. माझे डोळे कोरडे. मामी माझ्याकडे बघत राहिली. गोळ्या वेळेवर संपायच्या त्या अशा.

मी ओट्यावर गेले. "पांडूदादा, दुसऱ्याची गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही. उद्या माझ्याबरोबर चल, तुझं रक्त तपासू. तुला काय लागेल ते डॉक्टर सांगतील."

त्याने मान डोलावली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्याच्यावर रागावू नको, बाय. मायेनं देत होता."

"म्हणून तर रागावलेय," मी म्हणाले.