बाहुली कपाटात होती

"तांड्यावरची कोण आहे? ऊठ. पुढं ये."

मी उठले. नावानं हाक मारली नव्हती, तरी उठले. नर्सिंगच्या वर्गात तांड्यावरच्या आम्ही दोघीच. मी आणि जमुना. ती शेवटच्या बाकावर, मी पुढं. म्हणून मी.

मॅडमनी मला सगळ्यांकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. गळ्याभोवती रबरी कापड बांधलं. त्या दिवशीचा धडा होता रुग्णाच्या डोक्यातल्या उवा काढायचा. त्याचं प्रात्यक्षिक. मॅडमनी हातमोजे चढवले, नाकाला मास्क बांधला. माझी वेणी दोन बोटांच्या चिमटीत धरली, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी.

"यांच्या वस्तीतल्या बायकांच्या डोक्यात हमखास सापडतात. कानामागं बघायचं. या, एकेक जण बघून जा."

पोरी एकेक करून आल्या. माझ्या डोक्यात बोटं घातली. काहींनी पेन्सिलीनं केस बाजूला केले.

"काहीच नाही मॅडम," एक जण म्हणाली.

"असतील. नीट बघ."

नव्हत्या. हॉस्टेलवर पाठवताना याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, मला शिकेकाईनं न्हाऊ घातलं होतं. बारीक फणीनं विंचरून, तेल लावून घट्ट वेणी घातली होती. मॅडमना ते दिसलं होतं. मला दिसलं की त्यांना दिसलंय.

"नसल्या तरी प्रोसिजर तीच," त्या म्हणाल्या आणि रॉकेल मिसळलेलं तेल माझ्या डोक्यावर ओतलं.

ते कपाळावरून डोळ्यात उतरलं. मी हात वर केला.

"हलू नकोस. तू आत्ता रुग्ण आहेस."

वर्ग हसला. मोठ्यानं नाही. तोंडावर हात ठेवून.

माझ्या पाठीमागं काचेचं कपाट होतं. त्यात शिकवायची बाहुली. माणसाएवढी, गोरी, डोक्याला केस असलेली. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण. तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरतं कुलूप निघायचं. एरवी बाहुली खराब होईल म्हणून कुणी हात लावायचा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. हिंगोली अजून जिल्हा झालेली नव्हती. आमचा तांडा पुसेगावकडचा. लस टोचायला सिस्टर यायची ती तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली उभी राहायची. लेकरं तिथं नेऊन दाखवायची. ती कधी घरात आली नाही. माझी काकी बाळंत झाली आणि रक्त थांबेना. बाप धावत गेला. योगायोगानं सिस्टर त्या दिवशी लिंबाखालीच होती.

"बाहेर आणा तिला," ती म्हणाली.

काकीला खाटेवर घालून आणलं. लिंबापर्यंत पोचेतो ती गेली होती. खाटेखाली मातीत लाल रेघ होती, घरापासून लिंबापर्यंत. मी त्या रेघेच्या कडेनं चालत आले होते. तेव्हाच मनात बसलं की घरात शिरणारी सिस्टर व्हायचं.

त्यासाठी मी इथं आले होते. आणि आता मला सगळे 'रॉकेल' म्हणत होते.

शेजारच्या खाटेवरच्या पोरीनं खाट लांब सरकवली. माझी उशी उन्हात टाकायला लावली. मी रोज डोकं धुवायची. साबणानं, सोड्यानं, जे मिळेल त्यानं. वास जायचा नाही. एका दुपारी ड्रेसिंगची कात्री घेतली आणि वेणी कापून टाकली. पुढच्या महिन्यात याडी भेटायला आली. फाटकातच थबकली. हातातलं गठुडं खाली ठेवलं.

"काहून कापलेस केस? कोन मेलं आपलं?"

"न्हाई याडी. उकडून राहिलं म्हून कापले."

तिनं माझ्या मानेवरून हात फिरवला. परत जाताना फाटकाशी वळून वळून बघत गेली.

मग जमुनाची पाळी आली.

जमुना गोरेगावकडच्या तांड्यावरची. हुशार. नाडी मोजायला वर्गात सगळ्यांच्या आधी शिकली. हसली की तिच्या गालावरचं गोंदण हलायचं. त्या दिवशी धडा होता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला अंघोळ घालायचा. मॅडमनी तिला खाटेवर झोपवलं. अंगावर चादर. आडोशाचा पडदा घडी करून भिंतीला लावला, कारण पोरींना दिसायला पाहिजे.

"रुग्णाची लाज सांभाळणं हे परिचारिकेचं पहिलं काम," मॅडम म्हणाल्या. "लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. आणि मॅडमनी चादर कमरेपर्यंत ओढली.

जमुना छताकडं बघत होती. पापणी हलत नव्हती. ओलं फडकं तिच्या अंगावरून फिरत होतं आणि मॅडम सांगत होत्या, आधी लांबचा हात, मग जवळचा. खिडकीतून वॉर्डबॉय जाताना थांबला. त्याला कुणी हाकललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी भरली. मी जीपपर्यंत गेले तिच्यासंगं.

"जमुना, थोडंच राहिलं हाय. काढू ना कसंबी."

"तू काढ," ती म्हणाली. "मला समद्यायनं पाह्यलं."

जीप भरली. ती मागच्या बाजूला बायकांत दाटीवाटीनं बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, तोंड दिसेना इतका.

पुढच्या वर्षी नवीन पोरी आल्या. मॅडमनी मला त्यांच्या वर्गात ट्रे धरायला बोलावलं. ट्रेमध्ये बारीक फणी, कापूस, वाटीत तेल आणि रॉकेल. वास नाकात गेला.

"तांड्यावरची कोण आहे? ऊठ."

एक किडकिडीत पोरगी उठली. अजून काही माहीत नव्हतं तिला. तरी तिचा हात आपोआप वेणीकडं गेला. वेणी मुठीत घट्ट धरून ती पुढं यायला लागली.

मी ट्रे टेबलावर ठेवला.

"तिला बसवायचं न्हाई मॅडम."

"काय म्हणालीस?"

"कपाटातली बाहुली काढा."

"बाहुली खराब होते."

"मंग आमी होत न्हाई का?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी त्या पोरीचा खांदा धरून तिला परत बाकावर बसवलं आणि स्टुलापुढं जाऊन उभी राहिले. कुणाला बसू देणार नव्हते.

"तुझं शिक्षण संपलं असं समज," मॅडम म्हणाल्या.

माझ्या बापाला बोलावून घेतलं. तो प्राचार्यांच्या खोलीत भिंतीला चिकटून उभा. चपला बाहेर काढून आलेला. मॅडमनी सांगितलं की मी उद्धट आहे, माझ्यामुळं बाकीच्या पोरी बिघडतात. प्राचार्य म्हणाले, "माफी माग. इथंच मिटवून टाकू."

"न्हाई."

"माग ना बाई," बाप हळूच म्हणाला. "आपलं कोन हाय हितं?" आणि त्यानं मॅडमपुढं हात जोडले. त्याच्या हातावर ऊसतोडीचे वण होते.

डोळ्यात रॉकेल गेलं तेव्हा झोंबलं नव्हतं तेवढं हे झोंबलं. मी जाऊन त्याचे दोन्ही हात धरले आणि वेगळे केले.

"हात सोड बा. आपुन काय केलं?"

मग त्याला सगळं सांगितलं. तिथंच, त्यांच्यासमोर. स्टूल, तेल, केस. जमुनाची चादर. बाप ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची पाठ भिंतीपासून सुटली. तो प्राचार्यांना म्हणाला, "माही पोरगी माफी मागनार न्हाई साहेब. तुमाला हाकलायचं तर हाकला."

हाकललं नाही. हाकललं असतं तर तक्रार बाहेर गेली असती. पण मॅडमनी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मला नापास केलं. माझ्याबरोबरच्या पोरी पास होऊन गेल्या. मी मागं राहिले. वॉर्डात भांडी धूत, घाण उचलत पुढच्या परीक्षेची वाट बघितली. बाहेरून आलेल्या बाईंनी परीक्षा घेतली तेव्हा पास झाले. बाहुली मात्र मी असेपर्यंत शिकवायला कपाटातून निघाली नाही. तो धडा मॅडम नंतर फळ्यावर शिकवायच्या.

नोकरी लागली सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. हिंगोली तोवर जिल्हा झाली होती. मी घराघरात शिरले. तांड्यावर, गावात, शेतातल्या आखाड्यावरच्या खोपटात. लिंबाखाली कधी उभी राहिले नाही.

एका सकाळी जीप उपकेंद्राच्या दारात थांबली. एक सासू आपल्या सुनेला धरून आत घेऊन आली. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, दिवस भरलेले. मी गालावरचं गोंदण बघितलं.

"जमुना?"

तिनं भिंतीकडं मान वळवली. मी तिला टेबलावर घेतलं. दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला. लेकराचे ठोके ऐकायला लुगडं बाजूला करू लागले तर तिनं दोन्ही मुठींनी ते घट्ट धरलं.

"न्हाई. कोनी बघू नका."

"अगं, मी हाय. दुसरं कोनी न्हाई हितं."

"न्हाई."

सासू रडकुंडीला आली. "समदे दिवस असंच करून राहिली बाई. कोन्याच सिस्टरला हात लावू देला न्हाई. नर्स आली की वावरात लपून बसायची."

मी कापडावरूनच नळी टेकवली. कान लावला. पुन्हा लावला. तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. लेकराचे नाही.

त्याच जीपमध्ये तिला हिंगोलीला नेलं. वाटभर मी तिचा हात धरून होते. ती जगली. पोटातली पोरगी आधीच गेलेली होती. परतताना सासूनं विचारलं, "कशानं गेलं वो लेकरू?" डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब. वेळेवर तपासलं असतं तर वाचलं असतं. मी तेच सांगितलं. पण मला ती चादर दिसत होती. ते ओलं फडकं. आधी लांबचा हात, मग जवळचा.

अजून दिसते. कुठल्याही बाईच्या अंगावरचं कापड बाजूला करताना माझा हात आधी थांबतो. मी विचारते, बाई, करू का? हो म्हणेपर्यंत थांबते.

पुढं शिकाऊ पोरी माझ्याकडं कामाला यायला लागल्या. एकदा एक बाई तपासणीला आली, मळकट, अंगावर वावराची माती. टेबलाभोवती पोरींचा घोळका. त्यांच्यासोबतच्या तरुण मॅडम म्हणाल्या, "हिचं पोट उघडं करा, सगळ्यांना बघू दे. या लोकांना काही वाटत नाही."

मी टेबल आणि घोळका यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"तिला विचारलं का?"

"ताई, शिकायचं कसं मग पोरींनी?"

"विचारून. एकेकीनं. ती न्हाई म्हनली तर न्हाई."

"आमच्याकडं अशी पद्धत नाही."

"मंग तुमच्या पोरी माघारी घेऊन जा."

त्या मॅडमनी वर तक्रार केली. मला विचारणा झाली. मी गेले, आणि जे इथं सांगितलं ते सगळं तिथं सांगितलं, जमुनाचं नाव न घेता. एक साहेब म्हणाले, "जुनं झालं ते बाई. सोडून द्या."

जुनं झालेलं नाही. एक लेकरू मेलंय त्यात. मी सोडणार नाही. माझ्या हाताखाली शिकेल ती पोरगी बाईला विचारून हात लावेल, आणि शिकणाऱ्या पोरीला कुणी उघडं पाडलं तर त्याची गाठ आधी माझ्याशी आहे. बदली करायची तर करा. जाईन तिथं हेच करीन.