निशाणाच्या पुढे

राजुरीला बैलगाडा शर्यतीच्या चढणीवर, म्हणजे घाटात, रविवारी दुपारी मी शेवटच्या निशाणाजवळची माझी जागा सोडली. ज्या गाड्याचे फोटो काढायला मला बोलावले होते, त्याची पळायची बारी अजून व्हायची होती.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला होता. घोड्यांच्या अडथळा शर्यती भरवणाऱ्या एका बाईंना छायाचित्रकार हवा होता. दैनिकातली नोकरी सोडल्यापासून मी अशा कामाच्या शोधात होते. पळत्या घोड्याचा एक फोटो सोमवारी दुपारपर्यंत पाठवा, असे त्यांनी सांगितले. घोडा पूर्ण दिसला पाहिजे आणि कान पुढे हवेत. कान मागे टाकलेला घोडा चिडका दिसतो, त्याचा मालक असा फोटो घेत नाही.

पिंपळवंडीला घरी बसून मी जुने फोटो उघडले. आमच्याकडे बैलगाड्यापुढे घोडी पळते. तिच्यावर स्वार असतो, मागे चार बैल. गाडामालकाला फ्लेक्ससाठी बैल हवे असतात, तेही निशाण ओलांडतानाचे. म्हणून फोटो काढणारा घोडी जाऊ देतो आणि मग बटण दाबतो. माझ्या संग्रहात घोडीची शेपटी होती, मागचे पाय होते, कुठे स्वाराची पाठ होती. पूर्ण घोडी मोजक्याच फोटोंत सापडली. त्या प्रत्येकीचे कान मागे होते. मागून चार बैल येत असताना ती कान पुढे करत नाही, हे इतकी वर्षे शर्यती टिपूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

रविवारी घाटात पोचल्यावर मी आधी नुसत्या बाऱ्या पाहिल्या. निशाण ओलांडले की माणसे बैल धरायला झेपावतात, गाडा थांबतो. घोडी मात्र तशीच वर चढत जाते. मागचा आवाज तुटला की तिचे कान उभे राहून पुढे येतात. तेवढ्यात स्वार लगाम खेचतो आणि ती वळते. ही जागा निशाणाच्या बरीच वर, कांद्याच्या वावराला लागून होती. तिथून गर्दीच्या पाठी दिसत होत्या, बैल दिसत नव्हते. दोन्ही फोटो एका जागेवरून मिळणार नव्हते.

दोन बाऱ्या मी तिथून काढून पाहिल्या. दोन्ही वेळा घोडी समोरून गेली आणि बोट सवयीने ती जाईपर्यंत थांबूनच राहिले. रिकाम्या घाटाचे फोटो आले.

ज्या गाड्यासाठी मी आले होते, त्याची घोडी घेऊन स्वार खाली निघाला होता. त्याने मला पाहिले.

"ताई, इकडं कुठं? बैलं तिकडं पळत्यात."

"तुमच्या घोडीचा फोटो काढायचाय."

"हिचा? थांबा, मग तोंड धुऊन येतो."

"घोडीचं?"

"माझं वो. ती हायेच देखणी."

गाडामालकाला सांगणे भाग होते. मी खाली जाऊन म्हणाले, "भाऊ, या बारीला मी वर थांबतेय. निशाणावरचा फोटो दुसऱ्या कुणाला सांगा."

"आत्ता? गाडा जुपायला घेतलाय आन् आत्ता सांगता व्हय?"

"आत्ताच ठरलं."

"बैलं वर्षभर आमी सांभाळायची आन् फोटो घोडीचा! लई भारी, राव."

"ताईस्नी घोडीवर बसायचं आसंल," मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मालक हसला नाही.

मी वर गेले. कोपर दगडी बांधावर टेकवले. खालून आरोळी उठली. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यातून घोडी बाहेर आली आणि या वेळी मी ती येण्याआधीच बटण दाबून धरले. स्वाराने माझ्याकडे पाहून दात काढले.

गाड्याची वेळ पहिल्या क्रमांकात बसल्याचे स्पीकरवरून कळले. निशाणावरचा फोटो माझ्याकडे नव्हता. मालकाने एका पोराच्या मोबाइलवरचा फोटो स्टेटसला ठेवला. तो हलला होता. संध्याकाळी त्याने मला त्यांच्या ग्रुपमधून काढले.

परतताना जीपमध्येच मी फोटो तपासले. एकात घोडी पूर्ण होती आणि दोन्ही कान पुढे होते. वाटेत फाट्यावर टोमॅटोच्या पिकअप गाड्यांमागे जीप अडकली. तिथूनच मोबाइलवरून तो पाठवायला घेतला, पण रेंज नसल्याने अर्ध्यावर थांबला. उतरून स्टँडपर्यंत चालत गेले, तिथे गेला. रात्रभर उत्तर आले नाही. सोमवारी दुपार टळली तरी आले नाही. मी दोनदा फोन लावला आणि दोन्हीदा वाजण्याआधी कापला.

मंगळवारी पुण्याच्या बाईंचा निरोप आला : फोटो चालेल, शनिवारी सरावाला या, एक दिवस काम पाहू.

शनिवारी सकाळी पुण्यात मैदानाच्या फाटकावर मला पास मिळाला. त्यावर 'सहायक छायाचित्रकार' असे छापले होते. मला तिसऱ्या अडथळ्याजवळ उभे केले. आठच्या सुमारास पहिला घोडा मैदानात आला.