दसऱ्यात अडकलेला ब्लॅक बेल्ट

कराटेच्या क्लासमध्ये माणूस चार-सहा महिने टिकला तर थोडंफार लढायला शिकतो. चार-सहा वर्षं टिकला तर त्याच्याकडे किस्से जमतात. आमच्या अमरावतीच्या क्लासमध्ये तर एक गृहस्थ चोवीस वर्षं टिकले होते. त्यामुळे माझ्याकडे जमलेले बरेचसे किस्से त्यांचेच आहेत.

त्यांचं नाव देवरावभाऊ. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला त्यांचं शेत. कपाशीनं सतत दगा दिल्यावर त्यांनी झेंडू आणि शेवंती लावायला सुरुवात केली. फुलं पहाटे अमरावतीच्या बाजारात, आणि मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी स्वतः क्लासमध्ये. वय एकोणपन्नास, कंबरेला ब्राऊन बेल्ट. तो इतका जुना की ब्राऊन आहे हे सांगावं लागायचं.

मी शिकले डेहराडून आणि दिल्लीत. गावाकडे काहीतरी केलंच पाहिजे, अशा जोशात परत आले, तेव्हा कंबरेला ब्लॅक बेल्ट होता. कॉलेजात चार वर्षांत मिळालेला. पहिल्याच दिवशी देवरावभाऊंनी मला वाकून नमस्कार केला. क्लासचा नियमच तसा, बेल्टला नमस्कार. मला इतकी लाज वाटली की घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

त्यांचे गुडघे आता कुरकुरत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर हे एक वर्ष. म्हणजे ब्लॅक बेल्ट मिळवायचा तर याच वर्षी, नाहीतर ब्राऊनवरच सगळं संपलं.

*

आमचे सर म्हणजे हनीफ सर. त्यांचा गाद्या-रजयांचा कारखाना. त्यामुळे क्लासमधल्या मॅट म्हणजे कुणाच्या तरी घरून दुरुस्तीला आलेल्या गाद्या. मी एकदा म्हटलं, "सर, ही गादी फार मऊ आहे, पाय रुततो."

"लग्नातली आहे बेटा. उद्या परत जाणार. हळू पड."

त्यांना मी विचारलं, देवरावभाऊ एकोणीस वर्षं ब्राऊन का? हात चांगले, लाथ कमरेच्या वर जाते, मग अडलं कुठे?

सर म्हणाले, "दसऱ्यात."

ब्लॅक बेल्टची परीक्षा वर्षातून एकदा, अकोल्यात. मुंबईहून मोठे सर येतात. तारीख ठरलेली, दसऱ्याच्या आधीचा रविवार. आणि झेंडूवाल्यासाठी अख्खं वर्ष असतं ते त्याच चार दिवसांसाठी. देवरावभाऊ दरवर्षी फॉर्म भरायचे आणि दरवर्षी त्या रविवारी बाजारात झेंडूच्या ढिगामागे उभे असायचे.

त्याच संध्याकाळी क्लासमध्ये मी देवरावभाऊंना विचारलं, "भाऊ, तुम्ही हे कधी सांगितलं नाही?"

"सांगून का होते पोरी? दसरा थोडी पुढं ढकलतीन."

"दसरा नाही भाऊ. परीक्षा."

सगळा क्लास थांबला. हनीफ सर माझ्याकडे बघत राहिले, मग देवरावभाऊंकडे. "देवराव, हे आपल्याले एकोणीस वर्षांत काहून नाई सुचलं?"

देवरावभाऊ म्हणाले, "आपण दिल्लीले नाई ना शिकलो."

*

त्या काळात वऱ्हाडात कोणी ना कोणी फॉर्म घेऊन फिरत असायचंच. शेतकऱ्यांना काय वाटतं, हे विचारायला लांबलांबून माणसं यायची. मीही त्यातलीच. माझ्याकडे चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता, आणि पहिला भरून घ्यायचा तो देवरावभाऊंकडून, असं मी ठरवलं होतं.

प्रश्न सतरावा. "गेल्या महिन्यात तुम्हाला निराश वाटलं का? कधीच नाही, कधीकधी, रोज?"

त्यांनी बराच विचार केला. "मंगळवार-गुरुवार सोडून लिव."

फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. मी तो पेनानं आखला.

*

मी मोठ्या सरांना दोन पानी पत्र लिहिलं, इंग्रजीत. त्यात न्याय, समता आणि ग्रामीण भारत हे सगळं आलं होतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं, पोस्टकार्डावर, मराठीत. "परीक्षा यंदापासून दिवाळीच्या सुट्टीत घेऊ. कळवावे."

मी कार्ड घेऊन धावत बाजारात गेले. देवरावभाऊ शेवंती तोलत होते. त्यांनी कार्ड वाचलं, खिशात ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "लक्ष्मीपूजन कायनं करतेत वो तुमच्या घरी?"

मी पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी चार ओळींचं.

फुलांना गिऱ्हाईक नसतं असा रविवार कुठला, यावर क्लासमध्ये चर्चा झाली. देवरावभाऊंनी बोटं मोजली. गणपती गेले की पितृपक्ष. तेव्हा बाजार थंड. पण बाकीच्या मुलांच्या आयांनी कुरकुर केली. पितृपक्षात कुणी नवीन काही करतं का?

हनीफ सरांना यातलं फारसं कळत नव्हतं. त्यांनी देवरावभाऊंनाच विचारलं, "तुमच्या पितरायले कराटेची अडचण आहे का?"

"माया बापाची आहे," देवरावभाऊ म्हणाले. "पण त्याची तर जित्तेपणीच होती. आता नवीन काही नाई."

परीक्षा पितृपक्षात ठरली.

*

देवरावभाऊंचा सराव बघायला मी एकदा त्यांच्या शेतावर गेले. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, अंगणात कराटेचा पांढरा ड्रेस घासत होत्या. झेंडूचा पिवळा डाग काही निघत नव्हता.

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. "काकू, चोवीस वर्षं हे चाललंय. तुम्हाला काय वाटतं?"

"पहिले वाटलं, दारू प्यायले जाते," काकू म्हणाल्या. "म्हणून भावाले मागं पाठवलं पाहाले. तर हा खरंच लाथा मारून राहिला होता. म्हटलं, दारू बरी होती. निदान गावाले समजावून तरी सांगता आलं असतं."

"आणि आता?"

"आता पास व्हावं त्यानं." ड्रेस पिळता पिळता त्या थांबल्या. "नाई झाला तर घरात बसून गुडघे दाबत राहते, आन् मी का बोलू त्याच्यासंगं?"

*

त्या गावात रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, भारी त्रास. संध्याकाळी कळपच्या कळप तुरीत शिरतो. एकदा देवरावभाऊ बांधावर सराव करत होते. कराटेत ठोसा मारताना पोटातून जोरात ओरडायचं असतं. ते ओरडले आणि अख्खा कळप नाल्यापलीकडे पळाला.

झालं. दुसऱ्या दिवशी शेजारी दारात. "देवराव, आमच्या तुरीत येऊन एकडाव ओरडून दे ना." आठवडाभर देवरावभाऊ आजूबाजूच्या शेतांत जाऊन ओरडत होते. ब्राऊन बेल्ट बांधून, कारण लोकांचा आग्रह होता की बेल्ट पाहिजेच.

दुसऱ्या आठवड्यात ते ओरडले. रोह्यांनी मान वर केली, पाहिलं आणि परत खाली घातली.

शेजारी म्हणाला, "त्यायले समजलं भाऊ. काळा नाई म्हणून."

*

शेवटी तो रविवार आला. हनीफ सर, देवरावभाऊ आणि मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेलो. परीक्षा एका शाळेच्या मोठ्या मोकळ्या हॉलमध्ये होती. मोठे सर सत्तरीचे, बारीक, चष्मा लावलेले. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागे.

देवरावभाऊ एकोणीस वर्षांच्या मुलाशी लढले. मार खाल्ला, दिलाही. गुडघा टिकला. आता राहिला फक्त काता. ठरलेल्या चाली ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या. एक पाऊल इकडचं तिकडे झालं तरी नापास.

त्यांनी सुरुवात केली. सरळ पुढे जात तीन ठोसे मारायचे होते. तिसऱ्या ठोशानंतर ते अर्धं पाऊल उजवीकडे सरकून पुढे गेले आणि पुन्हा अर्धं डावीकडे येऊन मूळ रेषेवर आले.

मोठ्या सरांनी हात वर केला. "हे पाऊल कुठलं?"

"त्यातच आहे ना सर ते," देवरावभाऊ म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"पुन्हा करा."

पुन्हा तेच. तिसऱ्या ठोशानंतर अर्धं उजवीकडे, अर्धं डावीकडे.

माझ्या शेजारी हनीफ सरांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. खांब."

"काय म्हणालात?" मोठ्या सरांनी विचारलं.

हनीफ सर उभे राहिले. "सर, हे शेतातून येतात. पाय मातीचे असतात, म्हणून चोवीस वर्षं मागच्या रांगेत दाराजवळच उभे राहतात. आमच्या हॉलमध्ये तिथं समोर लोखंडी खांब आहे. चूक माझी आहे सर. मी पुढच्याच रांगा पाहिल्या."

देवरावभाऊ समोरच्या मोकळ्या फरशीकडे पाहत होते. निकाल लिहायला टेबलामागे बसलेल्या माणसानं पेन उचललं. मी काहीतरी बोलायला उठले, तर हनीफ सरांनी बाही धरून मला खाली बसवलं.

मोठ्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चालत आले, देवरावभाऊंच्या समोर बरोबर त्या जागी आले, हात अंगाशी घेतले आणि ताठ उभे राहिले.

"आता करा."

देवरावभाऊंनी वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली. पहिला ठोसा. दुसरा. तिसरा मोठ्या सरांच्या सदऱ्याच्या बटणापासून बोटभर अंतरावर थांबला. मग अर्धं पाऊल उजवीकडे, मोठ्या सरांना वळसा घालून अर्धं डावीकडे. ते पुढे गेले, वळले आणि उरलेला काता शेवटपर्यंत केला.

मोठे सर हलले नव्हते. पाठमोरे असतानाच त्यांनी हळू विचारलं, "मला धक्का लागला का?"

"नाई सर."

"मग लिहा," ते टेबलामागच्या माणसाला म्हणाले. "पास."