मांडीचं माप

माणसाची पारख त्याच्या मांडीवरून करणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच, आणि तो माझा सख्खा मामा. लढाऊ विमान पडायला लागलं की वैमानिकाला घेऊन जी खुर्ची बाहेर उडते, ती मामांनी हवाई दलात वीस वर्षं सांभाळली. रिटायर होऊन चाकूरला आले, पण कॉकपिट काही सुटलं नाही. स्वयंपाकघरात मिठाचा डबा चौकोनी, साखरेचा गोल, दोन्ही हाताच्या टप्प्यात. "न बघता हाताला कळलं पायजे," म्हणत त्यांनी मामीच्या डोळ्यांना रुमाल बांधून चहा करवून घेतला. साखर बरोबर पडली; पत्तीऐवजी मात्र हळद, कारण ते दोन डबे एकाच आकाराचे राहिले होते. मामांनी चूक स्वतःची मानली. मामेबहिणीला पाहायला मुलगा आला, तर त्याच्या पगाराआधी यांची नजर त्याच्या गुडघ्यांवर. "पोरगं लई चांगलं हाय, पण मांडी लांब. खुर्ची उडाली तर गुडघे डॅशबोर्डवरच ऱ्हातेत."

"अवो, त्याला तहसिलीत बसायचंय!" मामी ओरडली.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच. नांदेडहून बीएस्सी झाले आणि सांगून टाकलं, लढाऊ विमान चालवणार. वडलांनी पेढे आणले, मामांनी टेप आणला. मला भिंतीला टेकवून बसवलं, गुडघ्यापर्यंत तीनदा मोजलं. "न्हाई जमणार, माय. दीड सेंटीमीटर जास्त हाय."

"मामा हायेस का वैरी?" वडील भडकले. "पोरगी खुशीत हाय, अन् तू मापं काढायलास!"

"दाजी, खुर्चीला नातं कळत न्हाई."

मी ऐकलं नाही. लेखी काढली, मुलाखत काढली. वैद्यकीय तपासणीला सोबत मामाच आले. डॉक्टरांनी दारात येऊन सांगितलं, बाकी सगळं उत्तम, मांडी दीड सेंटीमीटर जास्त. मला वाटलं, आता मामा माझ्याकडे बघून मान हलवणार. ते उठले आणि त्यांनी हात जोडले.

"पुन्हा मोजा, सायेब. टेप ढिला धरला असंल. पोरगी बसती मापात, म्या सोता मोजलंय."

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.

आज मी नांदेडला भौतिकशास्त्र शिकवते, आणि झकास शिकवते. पण मापाच्या बाबतीत मामा जन्मात एकदाच खोटं बोलले, ते माझ्यासाठी. आणि तेही त्यांना नीट जमलं नाही.