मीकेबाईंच्या झाडाचे लाड

लॉकडाउनमध्ये नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या घरात टॉयलेट पेपर, डाळी आणि किस्से साठले. पहिले दोन कधीच संपले, किस्से संपता संपेनात! त्यातले निम्मे एकाच कुंडीतले.

कुंडी शेजारच्या मीकेबाईंची. मी इथे नवीन आले तेव्हा माझ्या सायकलचं सीट धरून मागे धावलेली ही बाई, वय तेव्हाच सत्तर! कोविड होऊन अॅम्ब्युलन्समध्ये चढताना मला एवढंच म्हणाल्या, "माझं झाड सांभाळशील?" ग्रेव्हिलिया, मूळचं ऑस्ट्रेलियाचं. सुयांसारखी पानं, कोळ्याच्या पायांसारखी लाल फुलं. हो म्हणाले, आणि घरात येऊन रडले.

*

आमच्या सासूबाई विमानं बंद झाल्याने इथेच अडकलेल्या. कुंडी पाहून म्हणाल्या, "काटेरी झाड दारात? घरात भांडणं होतात!"

"आई, एकाच हॉलमध्ये यांच्या मीटिंगा आणि तुमच्या मालिका चालतात. झाड नव्हतं तेव्हाही होतच होती की!"

*

संकष्टीला लाल फूल हवं. जास्वंद आणायची कुठून? सासूबाई गुपचूप बाहेर गेल्या आणि बोट चोखत परत आल्या. "बाप्पा, रक्त सांडून आणलंय, गोड मानून घे!" त्या दिवसापासून रोज मीकेबाईंसाठी अथर्वशीर्ष सुरू.

*

समोरचा अमोल कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशीनचा इंजिनीअर. त्याने कुंडीत ओलावा मोजणारा सेन्सरच खोचला. ऐन मीटिंगमध्ये अलर्ट वाजला, तर बॉसला म्हणतो, "सॉरी, पेशंटला पाणी पाजून येतो!"

*

एवढं करूनही झाड पिवळं पडायला लागलं. नर्सरीत फोन केला. "याला खत सोसत नाही. घातलंय का?"

"छे!" म्हटलं आणि घरीदारी चौकशी लावली. सासूबाई म्हणाल्या, "केळीच्या साली, रोज." नवरा म्हणाला, "खताचा एकच चमचा." अमोल म्हणाला, "लिक्विड खताची फक्त दोन झाकणं." आणि मी? शेणखत, तेही दोनदा! सगळ्यांनी एकमेकांपासून चोरून, मायेपोटी. मुळं धुतली, माती बदलली आणि हात जोडले.

*

सहा आठवड्यांनी मीकेबाई घरी आल्या! वॉकर ढकलत, अर्ध्या झालेल्या, पण आल्या. आम्ही दीड मीटरवर रांगेत उभे. कुंडीत एक हिरवी फांदी, बाकी खराटा. मी रडत रडत सगळं कबूल केलं.

तेवढ्यात सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा वॉकरवर ठेवला. "खा हो, ताकद येईल."

मी भाषांतर केलं. मीकेबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"झाडालाही हेच सांगितलं होतं का?" म्हणाल्या, आणि मास्क खाली करून अख्खा लाडू तोंडात टाकला.