साडूभाऊंचा कॅम्प, आमच्या गच्चीवर

आमच्या साडूभाऊंइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही, आणि देवाच्या कृपेनं पुढे होण्याचीही शक्यता नाही. आर्णीला त्यांचं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथे पाने उंचीप्रमाणे उभे असतात, नटबोल्ट मापाप्रमाणे बसलेले असतात, आणि गिऱ्हाईक एकटं असलं तरी रांगेत असतं. एकदा उमरखेडचा कोणी बापडा क्लचवायर मागत थेट गल्ल्यापाशी गेला, तर ह्यांनी त्याला आधी लाइनीत लागा म्हणून बाहेर पाठवलं. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. तो उन्हात एकट्याची रांग करून उभा राहिला आणि नंबर आल्यावर आत गेला. शेजारच्या दुकानात का गेला नाही, ते त्यालाच ठाऊक.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे साडूभाऊ राखीव फौजी. वर्षभर दुकानदार आणि हिवाळ्यात कॅम्पपुरते जवान. लढाई झालीच तर सरकार बोलावणार, नाहीतर दरवर्षी कवायत करून घेऊन घरी पाठवणार. सरकारनं लढाईला काही बोलावलं नाही, त्याचं उट्टं ते आर्णीत काढतात. कॅम्पला निघाले की गल्ली लोटते. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, एसटी स्टँडवरच औक्षण करते, शेजारणी नारळ देतात, आणि ड्रायव्हर सगळं आटपेपर्यंत मुकाट थांबतो, कारण त्याच्या मोटारसायकलचे पार्ट ह्यांच्याच दुकानातून येतात.

पण अलीकडे संरक्षणाच्या खर्चाला कात्री लागली, आणि ती फिरत फिरत राखीव फौजींच्या ताटापर्यंत पोचली. बड्या खान्यातलं, म्हणजे कॅम्पच्या मेजवानीतलं, मटण आधी पातळ झालं, मग त्याची अंडाकरी झाली. पुढे गोळ्या कमी आल्या, तेव्हा निम्मी पलटण खरी बंदूक चालवायची आणि निम्मी तोंडानं "ठो" म्हणायची. हे त्यांनीच सांगितलेलं, त्यातलं निम्मं मी सोडून देतो. "पण आमचा ठो बी नेम धरूनच राहे, भाऊ," हे मात्र त्यांनी मला बजावून सांगितलं होतं.

ह्या हिवाळ्यातला कॅम्प त्यांचा शेवटचा होता. वयाची मर्यादा गाठली होती. त्यांच्या पलटणीची रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याला अखेरच्या परेडला पहिल्या रांगेत उजव्या टोकाला उभं करायचं, आणि साहेबानं समोर येऊन त्याचा सॅल्यूट घ्यायचा. बस, एवढंच. पण एवढ्यासाठी साडूभाऊ वर्षभर बूट घासत होते. आणि निघायच्या आदल्या दिवशी हवालदाराचा फोन आला की वरून पैसाच आला नाही, कॅम्प रद्द.

शहाणा माणूस हे घरी सांगून मोकळा झाला असता. पण घरात लाडू वळून झाले होते, शेजारणींनी नारळ आणून ठेवले होते, आणि ह्यांची जीभ रेटेना. साडूभाऊंनी मुकाट्यानं ओवाळून घेतलं, नागपूरच्या गाडीत बसले, आणि यवतमाळला उतरून ट्रंकेसकट आमच्या दारात उभे राहिले. "कॅम्प तुमच्या इथं होईन, भाऊ. आर्णीले कळू द्यायचं नाई," असं म्हणून त्यांनी ट्रंक आत सरकवली. मी बायकोकडे पाहिलं, तर ती आधीच चहा टाकायला गेली होती.

अरे बापरे, काय ते दिवस! बँकेतून निवृत्त होऊन उशिरापर्यंत झोपण्याचा हक्क कमावलेला मी माणूस, आणि उजाडायच्या आत शिट्टी वाजली की माकडटोपी घालून गच्चीवर हजर. ब्लँकेटची घडी मनासारखी झाली नाही की ती उलगडून पुन्हा घालायची. हातात मग घेऊन चहाला रांग लावायची, रांगेत मी एकटाच, आणि तेव्हा मला त्या उमरखेडवाल्याचं दुःख कळलं. गच्चीवर तूर वाळत होती, तिच्यावर वानरांची धाड यायची. साडूभाऊंनी पहारा लावला, म्हणजे मला लावला. माझ्या हाडहुडला वानरं भीक घालत नसत. साडूभाऊंनी छाती काढून "पीछे मुड!" म्हटलं, की सगळं टोळकं वळून शेजारच्या कौलांवर पसार. मेहुणीचा फोन आला की ते टाकीमागे जाऊन बोलत. एकदा फोन घरातच घेतला आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली, तर कॅम्प स्टेशनाजवळच आहे, रेल्वे चालली, असं त्यांनी ठोकून दिलं. माझी बायको हसून हसून खाली बसली. तिची कशालाच तक्रार कशी नाही, ह्याचं मला नवल वाटे. पण मला विचारतो कोण?

शेवटच्या दिवशी त्यांनी कडक इस्त्रीची वर्दी घातली. गच्चीवर तुरीचे ढीग सरळ रांगेत लावले आणि स्वतः त्या रांगेच्या उजव्या टोकाला उभे राहिले. साहेब मी. माकडटोपी तेवढी काढायला लावली. मी समोर जाऊन उभा राहतो, तोच जिन्यातून मेहुणी वर आली, हातात औक्षणाचं ताट, मागे माझी बायको. साडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. पण सावधानमध्ये हलता येत नाही, म्हणून तसेच ताठ उभे.

"स्टँडवर तुमचं तोंड पाह्यलं, तवाच समजलं मले," ती म्हणाली. "मीच हिले फोन करून सांगतलं, राहू दे म्हणून. परेड पुरी करा तुमी. मी थांबते."

साडूभाऊंनी सॅल्यूट ठोकला. मी घेतला. डोळ्यांत पाणी होतं, त्यांच्याही आणि साहेबाच्याही, खोटं कशाला बोलू? मग तिनं तिथंच, तुरीच्या ढिगांत, त्यांना ओवाळलं.

संध्याकाळच्या एसटीनं दोघं आर्णीला गेले. गल्लीनं विचारलं, तेव्हा मेहुणीच पुढे होऊन म्हणाली, म्हणे, की कॅम्प फस्क्लास झाला, साहेबानं स्वतः सॅल्यूट घेतला.

आता शिट्टी नाही, तरी उजाडायच्या आत मला जाग येते. मग उगाच गच्चीवर जातो. वानरं आलेली असतात. मी छाती काढून "पीछे मुड!" म्हणून पाहतो. ती हलत नाहीत, जिन्याच्या दाराकडे बघत बसून राहतात. मीही थोडा वेळ त्यांच्याबरोबर तिकडेच बघतो.