गीताबाईनं न घेतलेलं नाव

"एक नाव घ्याले काय झालं व्हतं तुले?"

"मी सांगतलं त्याले. भासऱ्याच्या वावरात बाया हायेत, फवारू नका म्हून. दोनदा सांगतलं."

"त्या पंजाब्याले काय मालूम तुह्या भासऱ्याचं वावर कोनतं? त्याच्या नकाशात नावं लिवेल हायेत, नाती नाही."

"मंग नाती लिवाची व्हती."

निवृत्तीनं पकड-पान्यांचा डबा जमिनीवर आदळला. गीताबाई चुलीपुढून उठली नाही. नवराबायकोचं हे दुपारपासून चाललं होतं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या बायांतली केसरबाई डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडली होती.

निवृत्ती डोणगावचा भोंगेवाला. लग्न असो की सभा, कर्णे बांधायला तोच. शेती थोरल्या भावाकडे, म्हणजे गीताबाईच्या भासऱ्याकडे, उत्तमरावांकडे. याला वायरींचा नाद. सदुसष्टच्या पावसाळ्यात कपाशीवर अळी पडली आणि फवारणीचं छोटं विमान मेहकरच्या रस्त्यालगत माळावर उतरलं, तेव्हा हा जेवण टाकून तिथं जाऊन बसला. विमानात एकच माणूस मावे, पायलट ग्रेवाल. त्याच्या टोपीत कानांशी दोन चकत्या होत्या. खालून वायरलेसवर बोललेलं त्यातून त्याला ऐकू यायचं. पण खालच्या यंत्राचा बोलायचा भागच बिघडलेला. निवृत्तीनं लग्नातला आपला माईक त्याला जोडला, टोपीतल्या तुटक्या वायरींना डाख लावला. आवाज पोचला खरा, पण पुरुषाचा आवाज इंजिनाच्या घरघरीत विरघळून जाई. पाच-सहा जणांनी बोलून पाहिलं. शेवटी निवृत्ती हसत म्हणाला, आमच्या घरचा आवाज दोन वावरं ओलांडून जातो, तिला बसवू का?

अशी सुलतानपूरची, चौथी शिकलेली गीताबाई राखणीच्या मचाणावर माईक धरून बसली. कुणाचं वावर झालं, कुणाचं धरायचं, कुठल्या बांधावर बाभूळ आहे, सगळं ती निम्म्या हिंदीत सांगे. वरून 'ठीक है, बहनजी' असं उत्तर आलं की तिला कानकोंडं व्हायचं आणि आवडायचंही. सासरी आल्यापासून तिचं बोलणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. माणिकरावांचं झालं, किसनरावांचं झालं, तुळशीरामचं झालं. उत्तमरावांच्या वावराची पाळी तोवर आली नव्हती. ते नाव ती कसं घेणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ते तिनं एकदाच घेतलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी पोस्टमननं दारातून विचारलं, घर कोणाचं? तिनं भाबडेपणानं नाव सांगून टाकलं. नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव तोंडानं घेतलं, त्याचं आयुष्य कमी केलं, म्हणून निवृत्तीनं तिला उंबऱ्यावर नाक घासायला लावलं. सासू बघत होती. उत्तमराव ओसरीवर सुपारी कातरत होते. तेव्हापासून ते घरात नुसते 'भासरे' झाले.

फवारणीच्या सकाळी वावरात कुणी जायचं नाही, अशी दवंडी होती. उत्तमरावांनी तरी बायांना निंदायला पाठवलं. विमान यायच्या आत दोन तासांचं काम उरकेल, असा हिशेब. मचाणावरून गीताबाईला कपाशीत लुगडी दिसली.

"साब, उधर मत जाना. बाया हायेत."

"किसके खेत में?"

"हमारे भासरे के."

"नाम बोलो, बहनजी. नाम."

नाव जिभेवर आलं होतं. ती 'बडे घरवाले' म्हणाली. तोवर विमान खाली वळलं होतं. बाकीच्या बाया पळाल्या. केसरबाईनं इतक्या जवळून विमान कधी पाहिलं नव्हतं. ती मान वर करून बघत उभी राहिली, आणि औषध सरळ डोळ्यांत गेलं. मेहकरच्या डॉक्टरनं सांगितलं, एक डोळा कदाचित वाचेल.

आणि आता निवृत्ती पुन्हापुन्हा तेच विचारत होता. शेवटी गीताबाई म्हणाली, "उंबऱ्यावर नाक कोनं घासाले लावलं व्हतं मले?"

निवृत्तीनं आदळलेला डबा उचलून कोपऱ्यात ठेवला. पुढं म्हातारपणीही भोंगा बांधताना मध्येच हात थांबवून तो म्हणायचा, पोस्टमन आला तेव्हा मी नुसता हसलो असतो तरी भागलं असतं.

गीताबाई मचाणावर गेलीच नाही, दोन दिवस विमान उभं होतं. ग्रेवाल म्हणे, खालचा आवाज नसेल तर मी उडणार नाही. अर्ध्या गावाची कपाशी फवारायची राहिली होती. गीताबाई पाणी भरताना ते नाव हळूच पुटपुटून बघायची. किती सोपं होतं! उत्तमरावांना मात्र कुणीच विचारलं नाही, की बायांना पाठवलं काऊन?

तिसऱ्या दिवशी तेच आले आणि ओसरीवर बसले. गीताबाई दाराआड उभी राहिली. तिच्याशी थेट बोलायची रीत नव्हती.

"निवृत्ती, तिले सांग," ते म्हणाले, "माह्यं नाव घ्याची मोकळीक हाय. मी सोता देऊन राह्यलो. अर्धी कपाशी फवाराची हाय अजून, अळी काई थांबत नाही."

"आयकलं ना?" निवृत्तीचा आवाज खाली आला होता. "येशीन ना मंग सकाळी?"

गीताबाईनं चुलीवरची डाळ डब्यात ओतली, वर दोन भाकरी ठेवल्या. भासरे बसले असताना ती कधी पुढच्या दारानं गेली नव्हती. आज त्यांच्या समोरून गेली, आणि केसरबाईच्या घराकडे चालू लागली.